चौघांत नाही

हामामात्सूच्या कारखान्यात मी भोकं मोजते.
सिलिंडरच्या ठोकळ्यातली. चार, शेजारी शेजारी,
प्रार्थनेला उभ्या केलेल्या मुलांसारखी.
सळई आत घालायची, काट्याकडे बघायचं,
केसाच्या विसाव्या भागाचीही चूक नको.
बावीस वर्षं.
आता झोपेतसुद्धा माझं बोट
चौथ्यावर येऊन थांबतं.

म्हणून स्वतःसाठी गाडी घ्यायची वेळ आली तेव्हा
सगळ्यांनी गृहीतच धरलं.
मुरामात्सूसानने दुकानातली सगळ्यात गुळगुळीत गाडी पुढे काढली,
चालू केली, टाकीवर भरलेला पेला ठेवला :
"बघा, एक थेंब हलत नाही."
खरंच नाही हलला.
मी म्हटलं, मी गाडी घ्यायला आलेय,
चहा प्यायला नाही.

कोपऱ्यात ताडपत्रीखाली ती होती.
अकरा वर्षं जुनी, एका बाजूने लाल, दुसऱ्या बाजूने उन्हाने विटलेली.
तोयोहाशीचा कुणी माणूस पाठदुखी झाली म्हणून ठेवून गेलेला.
दोनच सिलिंडर : एक पुढे झुकलेला, एक मागे रेललेला,
एका बाकावर बसून
दोन दिशांना बघणाऱ्या नवरा-बायकोसारखे.
बटण दाबलं तर आधी खोकली.
मग धड्-धड्,
मग एक मोकळी जागा,
मग पुन्हा धड्-धड्.
त्या मोकळ्या जागेत माझा श्वास अडकला
आणि पुढच्या ठोक्याने सोडवला.

"चार लोक काय म्हणतील?" मुरामात्सूसान हसला.
चार लोकांशी तर माझा रोजचाच संबंध.
चौघं कधी काहीच म्हणत नाहीत,
एकाच सुरात गुणगुणतात फक्त,
आणि वर गेले की किंचाळतात.

माझ्या वडिलांच्या पत्र्याच्या शेडमध्ये
सहा माग होते, धोट्याचे.
त्यांचाही ठेका असा, थोडा लंगडा.
शेवटी ते भंगारात गेले, किलोच्या भावाने,
आणि त्या रात्री शांततेने कुणाला झोप लागली नाही.
पण म्हणून घेतली गाडी, असं म्हणू नका.
वडिलांची आठवण यायला मला
साडेचार लाख येन लागत नाहीत.

दोष सांगते. ऑगस्टमध्ये मागचा सिलिंडर
उजवी मांडी भाजून काढतो.
गर्दीत हळू चालवली तर साखळी हिसके देते,
रुसलेल्या बैलासारखी.
मागचा प्लग बदलायचा तर सीट काढा, टाकी उचला,
हात तिथं पोचेपर्यंत तीन देव आठवा.
आणि सरळ रस्ता लागला की
चौघांवाले डासासारखे कानाजवळून जातात. जाऊ देत.

कारण तेनर्यू नदीच्या काठाने वर,
चहाचे मळे संपून देवदार सुरू होतात तिथं,
सरळ रस्ता राहतच नाही.
वळणाच्या पोटात मी मूठ नुसती हलवते
आणि खालूनच, अगदी खालूनच,
ती मला उचलून वळणाबाहेर ठेवते.
प्रत्येक ठोका मोजता येतो.
मी मोजत नाही.

परवाच्या रविवारी तोशिनारी भेटला, बोगद्याच्या तोंडाशी,
आमच्याच खात्यातला, सव्वीसचा,
मी मोजलेली चार भोकं मांडीखाली घेऊन.
माझ्या आधी नऊ मिनिटं पोचला होता, हे त्याने दोनदा सांगितलं.
मग बराच वेळ माझ्या गाडीभोवती फिरला.
"एकदा बघू?"
किल्ली दिली.

धरणापर्यंत जाऊन यायला पंधरा मिनिटं पुरतात.
तो चाळीस मिनिटांनी आला.
हेल्मेट न काढताच म्हणाला,
"ही नीट चालत नाही."
"नाही," मी म्हटलं.
तो उतरेना.
शेवटी किल्ली
मागून घ्यावी लागली.