सहा-एक

फायनलपर्यंत आम्ही पोचलो ते खेळून नव्हे, हे आधीच सांगतो.
क्वार्टरला कुडाळवाल्यांचा टेम्पो झारापला बंद पडला.
सेमीच्या सकाळी समोरच्या पोरांच्या रापणीला
अशी काही मासळी लागली
की मैदानात येतो कोण!
तर मी, बाबल मोर्जे, बर्फाच्या फॅक्टरीतला रात्रपाळीवाला,
मांडवी इलेव्हनचा वर्गणीदार आणि हाफटाइमची लिंबं कापणारा,
गुरुवारी दुपारी वेंगुर्ल्यात, कॅम्पाच्या मैदानावर
छत्रीच्या दांड्याला निळा टॉवेल बांधून उभा.

सहा-एक.
तो एकसुद्धा त्यांच्याच डिफेंडरनं मारला,
मागं न बघता, गोलकीपरला पास म्हणून.
आम्ही तरी नाचलो.
चौथा गोल इनासच्या दोन पायांमधून गेला,
इतक्या सावकाश
की कुंपणाबाहेरच्या म्हशीनं मान वळवून तो नीट पाहिला.
आणि कोणीतरी हसलं.
मग पुष्कळ जण.

तो हशा माझ्या ओळखीचा होता.
दर गुरुवारी साडेआठला फिलूमावशीच्या टीव्हीतून येतो तो.
अख्खी टीम तिच्या खळ्यात बसते,
हेडक्लार्क टेंब्ये कसा पडतो ते बघायला.
सात वर्षं पडतोय.
शिडीवरून, साहेबाच्या सासूवर,
एकदा तर स्वतःच्याच सत्काराच्या हारात पाय अडकून.
बढती नाही.
पडला की तीच माणसं हसतात,
मध्ये तोच एक बाप्या खोकतो.
कुठल्या साली, कुठल्या हॉलात हसून ठेवलंय त्यांनी, देव जाणे.
काही वारलेही असतील.

लाद्या काढता काढता मी यावर पुष्कळ विचार केलाय.
टेंब्ये पडला की लगेच साबणाची जाहिरात लागते.
तेवढ्यात तो उठत असेल, ढोपर चोळत असेल,
आपल्याला दिसत नाही.
इनासला कोणी जाहिरात दिली नाही.
सहा वेळा तोच वाकला, सगळ्यांदेखत,
जाळ्यातला बॉल काढायला.
जाळंही आदल्या रात्री त्यानंच विणून दिलेलं,
एक भोक राहू नये म्हणून.

रात्री सगळे आले. पायांना लाल माती तशीच.
फिलूमावशीनं कोणाला काही विचारलं नाही,
उकडलेले कणगे पुढं सरकवले आणि आवाज वाढवला.
आणि त्या रात्री, बरोबर त्याच रात्री,
टेंब्येला बढती मिळाली.

शिडी होती. शिडी हललीसुद्धा.
तो वर चढला, पंखा पुसला, खाली उतरला.
साहेबानं पत्र दिलं. टाळ्या.
टाळ्यांतही तो बाप्या खोकला.
आमच्यापैकी कोणी हललं नाही.
रुजाय मास्तर एवढंच म्हणाले, "ह्यो पण गेलो."
जसा काही मांडवीचा एखादा पोरगा
पैसे घेऊन सावंतवाडीच्या टीमकडून खेळायला लागला.

मला राग कसला आला, अजून नीट सांगता येत नाही.
तो जिंकावा असं सात वर्षं मीच म्हणत होतो की!
म्हणत होतो, पण
तो जिंकला तर गुरुवारी आमच्याबरोबर बसणार कोण?

फिलूमावशीनं टीव्ही बंद केला.
काचेवर आम्ही दिसलो, नऊ जण आणि एक टॉवेल.
मग इनास, जो दुपारपासून गप्प होता, म्हणाला,
"पत्रार नाव वाचलास कोणी?"
नव्हतं वाचलं.
"दुसऱ्या टेंब्याचा आसतला. पुढल्या गुरवारी बघा.
माका म्हायत आसा, बॉल सामको हातात इलो असा दिसता तेव्हा..."
आणि त्यानं पाय फाकवून, खाली वाकून,
चौथा गोल पुन्हा एकदा जाऊ दिला.

मावशी आधी हसली, पदर तोंडात कोंबून.
मग आम्ही, कणगे घशात अडकेपर्यंत.
मध्ये कोणीतरी खोकलं. बहुतेक मीच.

साडेदहाला मला फॅक्टरीत पोचायचं होतं.
सायकलला टॉवेल तसाच बांधलेला राहिला.
बंदरावर गाडीवाला थांबून होता, म्हणाला, "काय झालां रे?"
मी म्हटलं, "एक गोल मारलो आमी."