पेटीला वाटतंय थंडी आहे

देवळाली कॅम्पातून ती आली टोचन लावून,
त्र्याहत्तरची मर्सिडीज, रंग ताकासारखा.
खोर्शेदबाई मागच्या सीटवर, मांडीवर पर्स,
जणू गाडी चालूच आहे.

"सकाळी सुरू होते," म्हणाल्या, "बिटकोपर्यंत शहाण्यासारखी.
मग काळा धूर, मग खोकला, मग रुसते."
पुण्याचा कोणी म्हणाला होता, पेटी काढून फेका,
कार्ब्युरेटर बसवतो दोन दिवसांत.

मी यासीनभाईच्या गॅरेजात वायरिंग बघते,
वडाळा नाक्याजवळ, अकरा वर्षं.
पेट्या पाहिल्यात. ही वेगळी:
आत ट्रान्झिस्टर बोटांनी मोजावेत असे,
आणि डाख कोणीतरी सावकाश दिलेला.

गांगुर्डेकाकांना बोलावलं.
मायकोत एकतीस वर्षं नॉझल घासलेला माणूस,
एप्रिलातही कानटोपी,
उजवा कान टेस्ट बेंचवरच ठेवून आलेला.
डाव्याला लांब स्क्रूड्रायव्हर टेकवून
सहाही इंजेक्टर ऐकले.
टिक. टिक. टिक.
"चालतायत सगळे," म्हणाले. "पण फार पाजतायत."

पंप बघितला. प्रेशर दोनच्या काट्यावर.
व्हॅक्यूमचा डबा तोंडाने ओढून जीभ लावून धरली,
वीसपर्यंत मोजलं, पोकळी टिकली.
रबरी नळ्या दोन फाटक्या निघाल्या, बदलल्या.
धूर तसाच.
तीन दिवस यासीनभाई गाडीला वळसा घालून जायचा,
मुक्काम वाढवलेल्या पाहुण्याकडे बघावं तसं बघत.

चौथ्या दिवशी निफाडला पारा उतरला.
द्राक्षबागांत शेकोट्या पेटल्या असतील, काका म्हणाले.
मी हेडवरच्या सेन्सरला मीटर लावला:
साडेतीन हजार. थंडीच्या हिशोबात बरोबर.
मग तीच वायर, दुसरं टोक, पेटीच्या प्लगपाशी:
डाव्या कोपऱ्यात एकटाच एक.

म्हणजे काहीच पोचत नाही.
म्हणजे पेटीला वाटतंय थंडी आहे,
निफाडहून थंड, कुठेच नसेल इतकी,
आणि ती ओततेय पेट्रोल, ओततेय,
तापातल्या पोरावर गोधडीवर गोधडी टाकावी तशी.
पोर घामाने भिजलंय
हे तिला सांगणारं कोणी नाही.

वायर बाहेरून धडधाकट.
नखाने दाबत गेले, एका जागी मऊ लागली.
आत तांबं हिरवं, पिठासारखं.
चार इंच कापली, नवी जोडली, डाख दिला.

किल्ली फिरवली.
बॉनेटवर ठेवलेला काकांचा चहा
हलला नाही.

डॅशवरचं घड्याळ अजून बंद आहे, ते राहिलंच.
खोर्शेदबाई पुन्हा मागच्याच सीटवर बसल्या,
ड्रायव्हर यायला तासभर होता तरी.
दुपार झाली, पत्रा तापला.
"काका, टोपी काढा की, ऊन चढलंय," मी म्हणाले
त्यांच्या उजव्या बाजूने.
ते नळ्या पुसत राहिले.