डाव्या हातची सही

ओडेसा, टेक्सस. डोनटच्या दुकानाला लागून
वकीलबाईंचं ऑफिस. एसीला खोकला झालाय.
मी सतरा वर्षांची, मधल्या खुर्चीत.
कानानं इंग्रजी घेते, तोंडानं स्पॅनिश देते
अपांना, म्हणजे माझ्या वडिलांना,
जे खिडकीबाहेरच्या टँकरची चाकं मोजत बसलेत.

किती तास झाले होते कामाला?
सोळावा चालू होता.
चिमट्याची साखळी कुणी तपासायची?
ज्याला वेळ असेल त्यानं.
वेळ कुणालाच नव्हता, हे ते म्हणाले नाहीत,
म्हणून मीही म्हटलं नाही.

इस्पितळात तिसऱ्या दिवशीच आला होता कंपनीचा माणूस.
कंपनीची टोपी भेट, आणि चार पानांचा कागद.
शेवटच्या पानावर एक रेघ,
रेघेखाली छापलेलं : एर्मेलिंदो आर्साते.
"डाव्या हातानं केलीत तरी चालेल," म्हणाला,
आणि स्वतःचं पेन काढून दिलं.
औषधाच्या धुक्यात अपांनी ते मुठीत धरलं,
बालवाडीतलं मूल खडू धरतं तसं.
आईनं ते हलकेच सोडवून घेतलं. "झोपेत आहेत ते."
पर्समध्ये टाकलं. परत द्यायचं विसरली.
सात महिने किराण्याची यादी त्याच पेनानं होते.

मग कंपनीनं हात वर केले.
फोरमननं झटकले.
रिगच्या मालकानं कानांवर ठेवले.
ज्याचं पोटच हातावर, त्याला
एवढे सगळे हात बघत बसावं लागलं,
शर्टाची उजवी बाही पिनेनं बंद करून.

वकीलबाई, मिसेस केटलर, सावकाश बोलतात :
या राज्यात मालकानं कामगार-विमा
घेतलाच पाहिजे असं नाही. तुमच्या मालकानं घेतलेला नाही.
मी सांगते. अपांचा चेहरा उतरतो.
थांब, त्या मला म्हणतात, वाक्य अजून संपलेलं नाही.
घेतला नाही, म्हणूनच त्याला कोर्टात खेचता येतं.
विमा असता तर ठरलेली रक्कम मिळाली असती, आणि बहुधा बंद दार.
चिमटा बनवणारा वेगळा. रिगवाला वेगळा.
दोन वर्षांची मुदत. तिच्यातले सात महिने गेले.
सिद्ध करायचा तो निष्काळजीपणा.

हा शब्द दोन्ही भाषांत जवळजवळ एकच आहे,
मला काहीच करावं लागलं नाही.
अपांनी प्रथमच खिडकीवरून नजर काढली.
"कुणाचा? माझा की त्यांचा?"

हे इंग्रजीत नेताना माझा आवाज फाटला.

ते म्हणतील तुमचा, बाई म्हणाल्या.
म्हणू देत. विमा नसलेल्या मालकाला
थोडी चूक तुमची होती म्हणून सुटता येत नाही.
सगळीच तुमची होती, असं त्याला दाखवावं लागेल.

तेव्हा मी रॉयसबद्दल सांगितलं.
दुसऱ्या पाळीचा रॉयस, ज्यानं चौकशीत
"मी काही बघितलं नाही" असं लिहून दिलं होतं.
परवा रात्री आला. पिकअपचं इंजिन चालूच ठेवलं,
दारातच फोन पुढे केला.
साखळीचा फोटो, झिजलेली एक कडी,
अपघाताच्या नऊ दिवस आधी फोरमनला पाठवलेला.
उत्तरात एकही शब्द नाही.
फक्त अंगठा. वर केलेला, पिवळा.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.
त्याला दोन पोरं आहेत, मी म्हटलं, तो साक्षीला येईलच असं नाही.
त्या म्हणाल्या, विचारून बघू.
जिंकलो तर तिसरा हिस्सा माझा, हरलो तर काही नको,
आणि करारपत्र पुढे सरकवलं.

आईनं पर्स उघडली.
पेन आधी चालेना. अपांनी झटकलं,
कोपऱ्यात दोन गोल गिरवले, मग उमटलं.
सही उतारावरून घसरत गेली,
नावातला 'लि' रेघेखाली पडला.
मी हातांकडे बघत नव्हते.
अक्षरागणिक
त्यांचा उजवा खांदाही हलत होता.