सहा वाजून बारा मिनिटं

पत्र आलं त्या दिवशी कूलरमधलं पाणी संपलं होतं,
तारखेचं एवढंच आठवतं.
तीस टक्के स्थानिक.
साहेबांनी कॅल्क्युलेटर काढला.
चोवीस तासांचे तीस टक्के म्हणजे
सात तास बारा मिनिटं.
मग खुर्चीत मागे रेलून म्हणाले,
"लाव रात्री अकरापासून. सहा बाराला मोकळे."

असा आमचा मुलूख रात्रपाळीला लागला,
आणि त्याच्यासोबत मी.

स्थानिक म्हणजे काय, ते पत्रात नव्हतं.
सोबत एक तक्ता होता, त्यात रकाने.
अंधेरीच्या स्टुडिओतलं एक गाणं आहे,
त्यात "नागपूर" सात वेळा येतं,
गाणारा इथं एकदाही आलेला नाही:
ते रकान्यात नीट बसलं.
कामठीचे शब्बीरमियाँ उर्दूत गातात,
त्यांच्यापुढं प्रश्नचिन्ह.
जरीपटक्याच्या निर्मल लालवानीनं
बापाच्या दुकानावर सिंधीत रॅप केलंय.
"हे कुठलं स्थानिक?" साहेब.
"पिन कोड चौदा," मी.

सगुणा उईकेंचं गाणं मी स्वतः जाऊन आणलं,
देवलापारच्या पुढं, त्यांच्या परसात, मोबाइलवर.
शेवटाकडं एक कोंबडा आहे. काढता आला नाही.
भाषा: मराठी, हिंदी, इंग्रजी, इतर.
ज्यांच्या राजानं हे शहर वसवलं
त्यांच्यासमोर बसून
मी "इतर"वर बोट ठेवलं.

गीतकार कोण, फॉर्मनं विचारलं,
फॉर्मच्या वतीनं मी.
"काय मालूम बाप्पा," त्या म्हणाल्या,
"मी आली तवा हे होतंच."
आणि रहिवासी दाखला?
त्यांनी समोरच्या मोहाच्या झाडाकडं पाहिलं,
जसा काही तोच तलाठी.

रात्री कोण ऐकतं, मला ठाऊक नव्हतं.
मेडिकलच्या फाटकावरचे अँबुलन्सवाले असतील,
कोराडीच्या राखेत उभे असलेले,
एटीएमच्या काचेमागं पेंगणारा एखादा.
ऐकत असतील, नसतीलही.
मोजणाऱ्या यंत्राला कान नव्हते, घड्याळ होतं.

त्या पहाटे सगुणाबाई शेवटी आल्या.
सहा बारा झाले.
मी तोडलं. सेकंदाला पक्का माणूस आहे मी.
सहा तेराला फोन.
"काहून बे, बंद केलं?
आत्ता कुठं बाई वर चढून रायली होती."
"कोण बोलतंय?"
"कळमन्याहून. मिरचीच्या बोऱ्या उतरवून रायलो.
मधातच तोडली ना तुम्ही तिले."
मी विचारलं, गोंडी येते का तुम्हाला?
"नाही येत.
मिरचीचा भाव बी नाही समजत मले,
उचलतो ना तरी."

टूथपेस्टची जाहिरात चालू होती.
तिच्यानंतर हसवणाऱ्या पोराचा किस्सा होता,
तो थांबवला.
उरलेलं लावलं, एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंद.
शेवटाकडं कोंबडा आला,
आज मात्र अगदी वेळेवर.
फोन चालूच होता. पलीकडं कुणी बोलत नव्हतं,
फक्त बोरी आपटल्याचा आवाज,
मग शिंका, तीन-चार जणांच्या.

त्या दिवसाचा आकडा आला
तीस पूर्णांक एक दोन पाच.
"हे वरचं कशाचं?" साहेबांनी विचारलं.
मी तक्ता चाळला.
कमी पडलं तर कारण लिहायला अख्खं पान आहे,
जास्तीला रकाना नाही.
"कळमन्याचं," म्हणालो.
त्यांना वाटलं, प्रायोजक असेल.
"मग बिल पाठव ना."

बिल अजून ड्रॉवरमध्ये आहे.
पत्ता टाकलाय, रक्कम टाकायची राहिलीय.
रोज सहा अकराला
बटणावर बोट ठेवतो
आणि फोनकडं बघतो.