दोन्ही हातांनी

आधी कातडं बघायचं, मग गिऱ्हाईक.
पेयो उरिझार असं म्हणायचा, आणि दोघांनाही
त्याच अंगठ्याने दाबून बघायचा.
पाठीचं घ्यायचं. पोटाचं ताणतं,
शब्दाला जागत नाही.
इथे काटेरी तारेची रेघ, इथे गोचिडीने केलेलं भोक,
इथे डागणीचा अर्धा आकडा.
म्हाताऱ्याने यातलं काही कधी लपवलं नाही.
"तिची सही आहे," म्हणायचा.

एकवीस वर्षं मी पिस्तुलांची म्यानं शिवते आहे
वायोमिंगमधल्या या बफेलो गावात, टपालकचेरीच्या मागे,
आणि आजवर एकही गोळी झाडलेली नाही.
लोक हसतात. हसू देत.
पाळणे करणारा सुतार कुठे निजतो त्यात?

ऑरिन हॉगस्टाड नोव्हेंबरात आला,
बिगहॉर्नवर पांढरं उतरलं त्या आठवड्यात.
तीस वर्षं शेरिफच्या हाताखाली.
कमरेचं म्यान सोडून टेबलावर ठेवलं:
तोंड ढिलं, टीप उसवलेली,
एका कडेला गाडीच्या सीटने घासून आणलेली तुकतुकी.
तसंच करू?
तसंच. फक्त पट्टा वेगळा.
अंगठ्याने उडवायचं टिचबटण नको.
मग काय हवंय?
त्याने खिडकीबाहेर बघितलं. तिथे त्याची पिकअप,
शेजारची सीट रिकामी. लवर्नला जाऊन
तेव्हा पाच महिने झाले होते.
"दोन्ही हात लागले पाहिजेत," म्हणाला,
"आणि वेळ."

मी आणखी काही विचारलं नाही.
म्हणजे, विचारलं: काळं की तपकिरी?
आणि म्हटलं, रिव्हॉल्व्हर इथेच ठेवून जा,
माप घ्यायला खरं हत्यार लागतं.

लागत नाही.
त्याच रिव्हॉल्व्हरचा निळा प्लास्टिकचा साचा
माझ्या भिंतीवर खिळ्याला टांगलेला आहे,
दारातून येणाऱ्याच्या बरोब्बर डोळ्यांसमोर.

कातडं पाण्यात सोडायचं. बुडबुडे थांबले की काढायचं.
वास धुतलेल्या कुत्र्यासारखा.
रंग परत फिका व्हायला लागला की बसवायचं
साच्याभोवती, आणि हाडाच्या पट्टीने
दाबत, दाबत, दाबत जायचं,
चक्रीचा फुगवटा, घोड्याची कड, चापाभोवतीची कमान
आतून वर येईपर्यंत.
तेवढा तासभर कातडं ऐकतं. नंतर
तुम्ही ओरडलात तरी नाही.
मग आरी. मेण लावलेला एकच दोरा, दोन टोकांना दोन सुया,
एकाच भोकातून समोरासमोर.
एक टाका तुटला तर शेजारचे सोडत नाहीत.

काम आठवड्याचं. मी डिसेंबर घालवला.
बकल बिलिंग्जहून यायचंय, म्हटलं. आलेलं होतं, खणात.
जानेवारीत म्हटलं, हवा कोरडी आहे, कातडं तडकेल.
फेब्रुवारीत कारण सुचेना, तर म्हटलं, झालं नाही.
तो दर गुरुवारी यायचा. "झालं?" विचारायचा,
नाही ऐकलं की कोट काढून
साच्याखालच्या स्टुलावर बसायचा,
वर एकदाही न बघता.
कधी मेंढ्यांचे भाव सांगायचा. कधी
लवर्नला गाडी मागे घेता यायची नाही, ते.
एकदा नुसताच दोऱ्याला मेण लावत बसला,
चार वार, गरज नसताना.

मार्चमध्ये दिलं.
दोन बकलं, पट्टा दोनदा ओवलेला,
बैलाच्या खुरांचं तेल पिऊन मधासारखा झालेला रंग.
त्याने रिकाम्या रिव्हॉल्व्हरवर करून बघितलं.
बोटं सुन्न, उन्हाळ्यातही त्याची तशीच असतात.
मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं,
त्यानेही.
एक्केचाळीस सेकंद.

बराच वेळ ते हातात उलटंसुलटं केलं.
मग पैसे मोजून ठेवले,
म्यान माझ्याकडे सरकवलं:
"आणखी एक भोक आत घे.
घाई नाही."

मी आरी शोधत होते.
तो उठला, आणि न विचारता
कॉफीची किटली शेगडीवर ठेवली.