सव्विसावी पायरी

निबाल्दो म्हणाला, "मावशी, लोक येतात
आणि आल्या पावली परत जातात."
मी आरी खाली ठेवली. कुठे येतात?
दारावरची घंटा तर सोमवारपासून वाजलेली नाही.
त्याने फोन पुढे धरला. इथे.
मागच्या महिन्यात दोनशे बारा माणसं
तुझ्या या दुकानात आली,
बहुतेक रात्री,
आणि नऊ सेकंदांत निघून गेली.

नऊ सेकंद. तेवढ्यात माझ्या गिऱ्हाइकाच्या
एका बुटाची नाडीही सुटत नाही.

माझं खरं दुकान वालपराइसोच्या टेकडीवर.
एक पाय आखूड असलेल्यांचे जोडे,
साखरेने सुन्न झालेल्या तळव्यांचे,
जन्मतः आत वळलेल्या घोट्यांचे.
भिंतीवर कलबुतं, प्रत्येकावर नाव,
काही नावांची माणसं आता नाहीत,
लाकूड मात्र अजून त्यांच्याच पायाचं.

साइट केली होती माझ्या भावाने, एर्मिनियोने,
जहाजावर जाण्याआधी, दोन रात्री जागून.
उघडताच बंदराचा फोटो, पडदाभर,
सावकाश वरून खाली उलगडणारा.
मग आजोबांची हकिगत, मग चामड्याचे प्रकार,
मग करड्या, बारीक अक्षरांत काहीतरी,
जे मी स्वतः कधी वाचलं नव्हतं.
फोन नंबर होता. पाचव्या पानावर.

निबाल्दो म्हणाला, कुणाला तरी बसवू
आणि आपण गप्प राहू.
गप्प राहणंच अवघड असतं, म्हणाला.

रोसामेल आले होते डाव्या जोड्याची टाच बदलायला.
त्यांना म्हटलं, समजा आपली ओळख नाही
आणि तुम्हाला वेळ ठरवायची आहे.
गोदीत दोर ओढून जाड झालेलं बोट
त्यांनी बंदरावर ठेवलं. दाबलं.
पुन्हा दाबलं. फोटो तो फोटोच.
चष्मा कपाळावर गेला, फोन लांब गेला, जवळ आला.
मी ओठ चावून बसले.
शेवटी फोन उपडा ठेवून म्हणाले,
"माफ करा, एदेल्मिराबाई, चूक माझीच.
मला हे जमत नाही."

हे वाक्य मी ओळखते.
चाळीस वर्षं ऐकतेय, याच खुर्चीतून,
मोजा काढताना, मान खाली घालून :
माफ करा, माझा पायच तसा आहे.
आणि दर वेळी मी जमिनीवर बसून
तेच उत्तर देते, जरा रागानेच.
पाय चुकत नाही हो. जोडा चुकतो.

त्या रात्री आम्ही जोडा उसवला.
अक्षरं मोठी केली, काळी केली,
नंबर सगळ्यात वर, अंगठा पडेल तिथे.
चामड्याचे प्रकार गेले. आजोबा एका ओळीत मावले.
बंदर मला पुसवेना.
एर्मिनियोचं वर्षभरात काही कळलेलं नाही.
निबाल्दोने काही न विचारता
ते टपालाच्या तिकिटाएवढं करून तळाशी लावलं.

मग म्हणाला, लोक फोनवर काय विचारतात?
जोड्याबद्दल कोण विचारतं! जिन्याबद्दल विचारतात.
मग तेच लिही.
मी खाली रस्त्यापर्यंत गेले
आणि पायऱ्या मोजत वर आले, इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"रस्त्यापासून दारापर्यंत एक्केचाळीस पायऱ्या.
डाव्या हाताला कठडा, सव्विसाव्या पायरीपर्यंत.
पुढे कठडा नाही. नवव्या पायरीचा दगड हलतो.
वर यायलाच हवं असं नाही.
फोन करा, मी माप घ्यायला खाली येते."

निबाल्दोने एक स्वल्पविराम हलवला.
बाकी तसंच ठेवलं.

दोनशे बाराचे किती झाले, मी विचारलं नाही.
गुरुवारी, धुकं अजून पाण्यावरून उठलं नव्हतं,
फोन वाजला. बाईचा आवाज,
धाप लागलेला, मधूनच हसणारा :
"तुम्ही लिहिलंय ते बरोबर आहे.
मी सव्विसाव्या पायरीवर उभी आहे."

मी टेप गळ्यात टाकली.
स्टूल उचललं.