राज्य कांडीवर

वाळूचा डंपर न बघता मागं आला
आणि कांडीचा मागचा डावा पाय
कुंभारीच्या नाक्यावरच राहिला.
बिराजदार डॉक्टरीण म्हणाल्या, खुब्यातूनच काढू.
थोडा ठेवला तर ती त्याच्यावर उभी राहायला बघेल
आणि रोज सोलून निघेल.
मी सही केली. खाली नातं लिहायची जागा होती.
काय लिहू, विचारलं.
‘मालक’ लिहा, म्हणाल्या.
तीस वर्षं जॉबर होतो मागांवर,
हा शब्द माझ्या नावाशेजारी
पहिल्यांदाच बसला.

घरी आणली तर फरशीवर उभीच राहीना.
नरसम्मानं हौसेनं बसवलेली पांढरी टाइल,
तिच्यावर कांडी पसरायची
पाण्यात टाकलेल्या कागदासारखी.
जुन्या कारखान्यात गेलो, सेकंडचा माल मागितला:
काठ चुकलेले, डाग पडलेले टॉवेल.
दारापासून मोरीपर्यंत अंथरले.
एक वेगळा ठेवला, लांब, तिच्या पोटाखालून घ्यायला.
दोन्ही टोकं मी वर धरायची
आणि मग तिचे तीन, माझे दोन
अशा पाच पायांनी आम्ही
लिंबापर्यंत जायचो, पहाटे,
कुणी उठायच्या आत.
लाज तिला वाटत नव्हती. मला वाटत होती.

गळ्यातलं नरसाळं दाराला धडकायचं.
टाक्यांवर माझा बनियन,
गाठ पाठीवर.
नरसम्मा विड्या वळता वळता
सुपाआडून भाकरीचा तुकडा सरकवायची.
मी म्हणायचो, अगं, तीन पायांवर
चार पायांचं वजन नको, डॉक्टरीण बोलल्यात.
तुमचं पोट दोनांवर चालतंच की, म्हणायची ती
आणि दुसरा तुकडा मोडायची.

रात्री मी ऐकत पडायचो.
नखं वाजायची: एक, दोन, तीन,
आणि चौथ्याच्या जागी काहीच नाही.
मागाचा ठोका असा चुकला की
झोपेतूनसुद्धा उठायचो मी, पाना घेऊन.
इथं पाना कुठं लावू?

एक गोष्ट नरसम्मालाही सांगितलेली नाही.
माझी करंगळी एकोणनव्वद साली मागानं घेतली,
ती अजून खाजते. थंडीत जास्त.
कांडी डावा कान खाजवायला जाते,
मान वाकडी करते, डोळे मिटते,
खुब्यापाशी कातडी नुसती थरथर थरथर हलते,
आणि कान तसाच.
मग ती माझ्याकडं बघते.
मी चार बोटांनी खाजवतो,
जरा जास्तच वेळ.

पाच दिवसांनी नळ आला त्या दुपारची गोष्ट.
पाइप ओढायला मी टॉवेल खांद्यावर टाकला
आणि तिला विसरलो.
कुणाचा तरी पिंप भरून वाहत होता, गल्लीभर ओघळ.
वळून बघतो तर कांडी तिकडं,
जिभेनं लपालप,
ढुंगण थोडं उजवीकडं कललेलं,
खाली टॉवेल नाही, मी नाही.
ठोका तिनं नवाच बसवला होता:
दोन हलके, एक जड. दोन हलके, एक जड.
माझ्या हातातला पाइप सुटला,
शेजारीण ओरडली, पाणी वाया चाललंय!

संध्याकाळी पोरी हाक मारायला लागल्या:
लंगडी! ए लंगडी!
माझं डोकं फिरलं. चप्पल न घालताच बाहेर आलो.
बघतो तर खडूनं चौकोन आखलेला,
पोरी आत पळताहेत,
आणि त्यांच्या मागं कांडी.
काका, राज्य तिच्यावर आहे,
गड्डमची निहारिका म्हणाली.
दुसरी कुरकुरत होती: ही चिटिंग आहे,
ती आउटच होत नाही.
होईल कशी? निहारिका म्हणाली,
वरचा पाय खाली टेकला तर आउट ना?
तिचा कुठं टेकतोय!

मी काही बोललो नाही. उंबऱ्यावर बसलो.
चिमणीवर थोडा उजेड होता, तो गेला.
‘दा,’ म्हटलं, ‘दा, कांडी.’ तेलुगूतच कळतं तिला.
आली.
लगेच नाही. कोपऱ्यात तिघी राहिल्या होत्या,
त्यांना बाद करून.